इस्टेटीवर पाणी सोडून घराबाहेर पडलेला वर्ध्याचा पोरगा गांधीजींचा पाचवा मुलगा कसा झाला?

बजाज म्हटलं की आधी स्कूटर आठवते. मग पंखा, गिझर आणि हप्त्यावर मोबाईल घेताना काढलेलं कार्ड. पण ज्या माणसामुळे हे नाव मोठं झालं त्याने हयातीत एकही स्कूटर बनवली नाही. त्याने कापसाच्या गाठी विकल्या, साखर कारखाना काढला, लाखोंची उलाढाल केली आणि शेवटी वर्ध्याबाहेर एका झोपडीत राहून गाईंची सेवा करता करता तो गेला. वय होतं ५२. नाव जमनालाल बजाज.

आपल्याकडे एक प्रश्न फार जुना आहे. माणूस देव मानतो, धर्म पाळतो, समोरच्या गरिबाचं दुःखही त्याला दिसतं, पण त्याच्या घरात तिजोरी आहे. मग त्या तिजोरीचं करायचं काय? तुकोबांकडे वडिलांची महाजनकी आली होती. त्यांनी भावाच्या वाटणीचे कागद त्याला दिले आणि आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. हा एक मार्ग झाला. बहुतेक श्रीमंत दुसरा मार्ग धरतात. कमवायचं कसंही आणि उतारवयात देऊळ, धर्मशाळा बांधून मोकळं व्हायचं. जमनालालजींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी खतावणी बुडवली नाही, ती चालूच ठेवली, फक्त मालकाच्या रकान्यातून स्वतःचं नाव काढायचा आयुष्यभर प्रयत्न केला. तो किती जमला आणि कुठे अडला, हे बघण्यासारखं आहे.

आधी त्या काळचा विदर्भ डोळ्यासमोर आणा. इथे पैसा ठरावीक गोष्टींतून येत होता. वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात कापूस. भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूला आणि नागपूर जिल्ह्यात मॅंगनीजच्या खाणी. भंडारा-गोंदियाच्या जंगलात तेंदूपत्ता आणि त्यावर उभा राहिलेला बिडीचा धंदा. या पैशातून दानशूर माणसंही निघाली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मॅंगनीजच्या धंद्यातले. १९३० साली ते गेले तेव्हा त्यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी देऊन ठेवली होती. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था त्यातूनच उभी राहिली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. तिथले बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि त्या मागास भागात शाळा-कॉलेजं नेली. म्हणजे पैसा देणारे सेठ विदर्भाला नवे नाहीत. पण पैशाबरोबर स्वतःलाही देऊन टाकणारा सेठ मात्र वेगळाच.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची परिस्थिती बेताची. याच १८८९ साली तिकडे अमेरिकेत पोलादाचा बादशहा अँड्र्यू कार्नेगी याने संपत्तीवर एक लेख लिहिला. श्रीमंत माणूस हा समाजाच्या पैशाचा विश्वस्त असतो आणि सगळं साठवून ठेवून मरण्यात लाज आहे, असं त्याचं म्हणणं होतं. योगायोगच, पण लक्षात ठेवा, कारण विश्वस्त हा शब्द पुढे परत येणार आहे.

वर्ध्याला सेठ बच्छराज नावाचे मोठे व्यापारी होते. कनीरामांचे लांबचे नातेवाईक. त्यांचा दत्तक मुलगा तरुणपणीच वारला होता आणि घराण्याला वारस नव्हता. बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सदीबाई राजस्थानात गेलेल्या असताना सदीबाईंनी हा मुलगा पाहिला आणि मागितला. जमनालाल तेव्हा पाच वर्षांचे होते. सेठजींनी बदल्यात पैसे देऊ केले, पण आईवडिलांनी ते घेतले नाहीत. गावाला पाण्याची अडचण आहे, एक विहीर बांधून द्या, एवढंच मागितलं. विहीर झाली आणि पोरगं नातू म्हणून वर्ध्याला आलं.

शाळा जेमतेम चार इयत्ता. मग पेढीवर बसून हिशेब शिकणं. १९०२ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या आतच जानकीदेवींशी लग्न झालं. त्या तर आणखी लहान. इथपर्यंत सगळं कुठल्याही मारवाडी पेढीच्या वारसासारखंच आहे. फक्त एक गोष्ट वेगळी दिसते. टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार होती आणि त्यासाठी मदतीचं आवाहन झालं होतं. या पोराने रोजच्या खर्चाला मिळणाऱ्या पैशांतून साठवलेले १०० रुपये तिकडे देऊन टाकले. पुढे लाखांनी दिलं तरी त्या शंभर रुपयांइतका आनंद कधी झाला नाही, असं ते स्वतः सांगायचे.

आता १९०७ सालची ती गोष्ट.

नात्यात एक लग्न होतं. सेठ घराण्याचा वारस म्हणजे अंगावर हिरे-मोती घालूनच मांडवात गेला पाहिजे, असा बच्छराजांचा हट्ट. जमनालालना दागिन्यांची आवड नव्हती, त्यांनी टाळाटाळ केली. सेठजी तापट. रागाच्या भरात नको ते बोलून गेले. तू इथे आलास तो पैशासाठी, अशा अर्थाचं काहीतरी. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ते लागलं.

त्याने आदळआपट केली नाही. गडी स्टॅम्पपेपर घेऊन बसला आणि आजोबांना पत्र लिहिलं. तुमच्या संपत्तीवर माझा काहीही हक्क नाही, पुढे कधी कोर्टात दावा लावणार नाही, अंगावरच्या कपड्यांशिवाय काही घेऊन जात नाही, तुमच्याबद्दल मनात राग नाही. वर आजोबांनाच विनंती, की हा पैसा चांगल्या कामाला लावा. हे लिहून देऊन तो घराबाहेर पडला.

या पत्रात भावना आहे, पण व्यापाऱ्याची अक्कलही आहे. तोंडी बोललेलं उद्या फिरवता येतं, स्टॅम्पवर लिहिलेलं फिरवता येत नाही. म्हणजे रागाच्या भरातसुद्धा त्याने स्वतःला परतीची वाट ठेवली नव्हती. बच्छराजांना चूक कळली. माणसं पाठवली, समजूत काढली, नातवाला परत आणलं. आणि त्याच वर्षी बच्छराज वारले. सगळी इस्टेट जमनालालांकडेच आली.

ज्या पैशावरचा हक्क आपण लेखी सोडला, तोच पैसा आता आपल्या नावावर. दुसऱ्या कुणाला हे गंमतीचं वाटलं असतं. त्यांना ते कायम टोचत राहिलं. वारशाने आलेली रक्कम आपली नाही, ती लोकांच्या कामाला गेली पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं. विश्वस्त हा शब्द गांधीजींकडून ऐकण्याच्या कितीतरी आधी हा माणूस त्या अडचणीत राहत होता.

पुढची काही वर्षं धंदा आणि मानमरातब दोन्ही वाढले. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टऱ्या, मुंबईत पेढी. सरकारने ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं, नंतर रायबहादूर ही पदवी दिली. कापसाच्या बाजारात वजन वाढवायला रुईवर पाणी मारायची पद्धत होती. आपल्या गाठींवर ते होऊ द्यायचं नाही असा त्यांचा कटाक्ष होता आणि त्यामुळे त्यांच्या मालाला भावही चांगला मिळायचा, असं सांगितलं जातं. हे महत्त्वाचं आहे. कारण नफा आधी कसाही कमवायचा आणि मग त्यातला दहावा हिस्सा देवाला द्यायचा, हा हिशेब त्यांना मंजूर नव्हता. पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे दोन्ही त्यांच्या दृष्टीने धर्मात बसत होतं.

पण मनाला गुरू पाहिजे होता. ते साधू-संतांकडे गेले, मोठमोठ्या पुढाऱ्यांना भेटले. बोलणं आणि वागणं एक असलेला माणूस सापडत नव्हता. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परत आले आणि जमनालाल त्यांच्या आश्रमात जाऊन राहू लागले. ते कसे उठतात, काय खातात, पैशांचा हिशेब कसा ठेवतात, हे सगळं बारकाईने पाहिलं. व्यापारी माणूस, माल पारखल्याशिवाय सौदा करणार कसा?

१९२० च्या डिसेंबरमध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जमनालाल स्वागताध्यक्ष होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक चमत्कारिक मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा म्हणून स्वीकारा. गांधीजींना आधीच चार मुलगे. तरीही त्यांनी मान्य केलं. लहानपणी आपल्याला विचारल्याशिवाय दत्तक दिलेल्या या माणसाने एकतीसाव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने बाप निवडला होता.

मग गोष्टी भराभर घडल्या. रायबहादूर पदवी सरकारला परत. वकिली सोडून असहकारात उतरलेल्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून एक लाख रुपये. विलायती कपड्यांचा त्याग. जानकीदेवींनी अंगावरचं सोनं उतरवलं, पडदा सोडला, खादी घातली. मारवाडी घरातल्या बाईने त्या काळात हे करणं म्हणजे काय, हे आजही कुठल्याही आजीला विचारा. एप्रिल १९२१ मध्ये जमनालालांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवलं. विनोबा वयाने लहान, पण जमनालालांनी त्यांना गुरू मानलं.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्स भागात तिरंगा घेऊन जायला बंदी होती आणि ती मोडायला देशभरातून स्वयंसेवक येत होते. नेतृत्व जमनालालांकडे. त्यांना अटक झाली, दीड वर्षाची शिक्षा आणि वर तीन हजार रुपये दंड. दंड भरायला त्यांनी नकार दिला. सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावाला काढली, तर बोली लावायला नागपुरात कुणी पुढे येईना. सेठजींची गाडी घ्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी. शेवटी ती विकायला दुसरीकडे पाठवावी लागली.

१९२६ साली मोठी मुलगी कमला हिचं लग्न झालं. कोट्यधीश म्हणावा असा बाप, पण लग्न साबरमती आश्रमात, गांधीजींच्या उपस्थितीत, ना वरात ना जेवणावळी. आपल्याकडे कर्ज काढून लग्न करणारे आणि सेठाने साधेपणाने लग्न केलं की त्याला कंजूष म्हणणारे, दोन्ही लोक तेव्हाही होते.

आता देवळाची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा तिथे झाली.

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर आजोबा बच्छराजांनी बांधलेलं. घराण्याची प्रतिष्ठा त्या मंदिराशी जोडलेली. जमनालाल स्वतः श्रद्धावान वैष्णव. देव मानत नाही, मग कोण आलं नि कोण गेलं याचं काय, असं म्हणणाऱ्यातले ते नव्हते. देव मानतो, म्हणूनच त्याच्या दारात माणूस अडवला जातो हे बघवत नाही, अशी त्यांची स्थिती. त्याआधीच आपल्या शेतातल्या आणि बागेतल्या विहिरी त्यांनी दलितांना खुल्या केल्या होत्या. पण विहीर आपली एकट्याची, तिथे कुणी विचारत नाही. मंदिराला ट्रस्टी होते, जातपंचायत होती, व्यापारातले नातेसंबंध होते.

काळ बघा. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. विदर्भात अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न पेटला. अशा वातावरणात जमनालालांनी ट्रस्टींकडून ठराव करून घेतला आणि जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, मार्च १९३० मध्ये सुरू झाला आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. हे पाहिलं की वर्ध्यात काय झालं याचा अंदाज येतो.

जातभाईंनी बहिष्काराची भाषा केली. सनातन्यांनी टीकेची झोड उठवली. रोख पैसा देणं सेठाला सोपं असतं. देणगीची पाटी लागते, हार पडतात. पण ज्या समाजात मुलींची लग्नं करायची, ज्यांच्या भरवशावर हुंडी वटते, त्याच समाजाला दुखवायचं हे दान वेगळं. माझ्या मते जमनालालांच्या सगळ्या देणग्यांपेक्षा हे मोठं होतं, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

तरी याच गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही.

ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढच्या वर्षी, १९३६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, ते वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेले. धनंजय कीरांनी आंबेडकर चरित्रात या भेटीची हकिगत दिली आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद आणि जमनालाल बजाज या दोघांनी बाबासाहेबांपुढे विषय काढला. तुम्ही गांधीजींच्या गोटात का येत नाही? आलात तर दलितांच्या कामाला पैशांची ददात राहणार नाही. बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं की गांधीजींशी आपले मूलभूत मतभेद आहेत. नेहरूंचेही आहेत, तरी ते बरोबर राहतात, असं सांगून पाहिलं गेलं. त्यावर यशासाठी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणाऱ्यांतले आपण नाही, असं उत्तर मिळालं.

इथे कुणी खलनायक नाही. जमनालालांचा हेतू वाईट होता असं म्हणायला काही आधार नाही. मंदिर उघडणारा तो माणूस, त्याला मनापासून वाटत होतं की साधनं आपल्याकडे आहेत, काम बाबासाहेबांकडे आहे, मग अडचण काय? अडचण हीच होती. देणारा कितीही निर्मळ असला तरी देण्याचा रस्ता कुठून जायचा ते तोच ठरवत होता. मदत पाहिजे तर आमच्या बाजूने या. बाबासाहेबांना उपकार नको होते, हक्क पाहिजे होता. देणाऱ्याचं मन शुद्ध करण्याचं तत्त्वज्ञान गांधीजींकडे भरपूर होतं. घेणाऱ्याला ते दान कसं दिसतं, या प्रश्नाला मात्र त्यात फार जागा नव्हती.

गांधीजींच्या त्या तत्त्वज्ञानाला विश्वस्त-वृत्ती म्हणतात. कल्पना साधी आहे. श्रीमंताने आपली संपत्ती स्वतःची न समजता समाजाची ठेव समजावी. स्वतःला लागेल तेवढं घ्यावं, बाकी समाजासाठी सांभाळावं आणि वाढवावं. हा शब्द गांधीजींना मिळाला तो वकिलीच्या अभ्यासात, इंग्रजी कायद्यातल्या ट्रस्टच्या नियमांत, आणि गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ त्यांना त्यातून उलगडला. विश्वस्ताच्या हातात करोडो असतात, पण त्यातला एक पैसाही त्याचा नसतो. कार्नेगीचा विश्वस्त आणि गांधीजींचा विश्वस्त यांत फरक हा की कार्नेगी आधी कमावून घ्या, नंतर शहाणपणाने वाटा म्हणतो. त्याच्याच पोलाद कारखान्यात १८९२ साली मजुरांच्या संपात गोळीबार होऊन माणसं मेली होती. गांधीजींना कमावतानाच विश्वस्त असणं अपेक्षित होतं.

जमनालाल हे करू पाहत होते. धंदा त्यांनी सोडला नाही. १९३१ साली उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ इथे साखर कारखाना सुरू झाला, नंतर मुकंद ही लोखंड-पोलादाची कंपनीही आली. दुसरीकडे ते काँग्रेसचे खजिनदार होते, खादीच्या कामात होते, हिंदी प्रचारात होते. पैसा एका दाराने येत होता आणि दहा दारांनी जात होता.

गांधीजी वर्ध्याला आले तेही त्यांच्यामुळेच. दांडीयात्रेला निघतानाच गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं होतं. जमनालालांनी वर्ध्याचा आग्रह धरला. १९३४ मध्ये आपली बाग आणि त्यातलं घर ग्रामोद्योग संघासाठी देऊन टाकलं, ती मगनवाडी. १९३६ साली गांधीजी जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. पत्रं चुकून गजानन महाराजांच्या शेगावला जायची, म्हणून पुढे गावाचं नाव सेवाग्राम केलं. आणि शहरातली बजाजवाडी म्हणजे देशभरच्या पुढाऱ्यांची धर्मशाळा झाली. नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, सगळे तिथेच उतरायचे.

पण सेगावची जमीन कुणाची होती? बरीचशी जमनालालांची. ते त्या गावचे मालगुजार होते. मालगुजारी म्हणजे मध्य प्रांतातली जमीनदारीच. मालगुजार सरकारला सारा भरायचा आणि रयतेकडून खंड घ्यायचा. ही पद्धत स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये कायद्याने गेली. म्हणजे गरिबांत गरीब होऊन राहायला निघालेले गांधीजी एका मालगुजाराच्या गावात राहत होते. समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनी यावर बोट ठेवलं, आणि ते चुकीचं नव्हतं. विश्वस्त चांगला निघाला तर ठीक. वाईट निघाला तर त्याला काढायचं कुणी? जमनालाल चांगले निघाले हे वर्ध्याचं नशीब, व्यवस्थेचं यश नव्हे. देशातल्या सेठांपैकी किती जण त्यांच्या वाटेने गेले, हे मोजायला दोन्ही हातांची बोटंसुद्धा लागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. स्वतःबद्दल त्यांना कसलाही भ्रम नव्हता. गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत ते आपल्या मनाचे दोष उघडे करून मांडतात. मन शुद्ध होत नाही, मोह सुटत नाही, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, हा सूर १९३० च्या दशकाच्या अखेरीस वाढत गेला. जग त्यांना दानवीर म्हणत होतं आणि ते आतून पोखरल्यासारखे झाले होते. १९३९ साली जयपूर संस्थानात प्रजामंडळाच्या चळवळीसाठी गेले तर तिथल्या सरकारने त्यांना कैदेत ठेवलं. मग वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग. १९४१ मध्ये प्रकृती बिघडून बाहेर आले ते थकून.

तेव्हा त्यांनी गांधीजींना विचारलं की आता मी काय करू? राजकारणाचा वीट आला होता. त्याच सुमारास डेहराडूनजवळ त्यांची आनंदमयी माँ यांच्याशी गाठ पडली. बाप गांधीजींमध्ये मिळाला होता, गुरू विनोबांमध्ये मिळाला होता, आई शोधत होतो ती इथे मिळाली, असं त्यांना वाटलं. मन जरा स्थिर झालं. गांधीजींनी त्यांना गोसेवेचं काम सुचवलं. सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस गोसेवा संघ स्थापन झाला आणि सेठ जमनालाल वर्ध्याजवळ गोपुरीला झोपडी बांधून राहायला गेले.

आज गाय म्हटलं की लगेच राजकारण डोक्यात येतं, त्यामुळे जरा थांबून बघायला पाहिजे. यांचं काम चाऱ्याचं, जातिवंत पैदाशीचं, दुधाच्या हिशेबाचं होतं. गाय शेतकऱ्याला परवडली तरच वाचेल, हे व्यापारी डोकं तिथेही चालू होतं. १९४२ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी वर्ध्यात गोसेवकांची परिषदही भरवली. त्या महिन्यांत ते आयुष्यात कधी नव्हते इतके समाधानी होते, असं जवळचे लोक सांगत.

हे समाधान साडेचार महिनेच टिकलं. ११ फेब्रुवारी १९४२ ला मेंदूत रक्तस्राव होऊन जमनालाल अचानक गेले. निरोप मिळताच गांधीजी सेवाग्रामहून धावत आले. गोपुरीलाच अंत्यसंस्कार झाले.

जानकीदेवी सती जाण्याची भाषा करू लागल्या. गांधीजींनी त्यांना समजावलं की चितेवर देह टाकण्यात काही नाही, त्यांचं अर्धवट राहिलेलं काम उचला. त्यांनी उचललं. आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेच्या कामाला देऊन टाकली. गांधीजींनी जमनालालांच्या मित्रांना आणि सहकाऱ्यांना वर्ध्याला बोलावलं, पण शोकसभेसाठी नाही. त्यांची कोणती कामं कोण पुढे चालवणार, याची वाटणी करण्यासाठी. श्रीमंतांनी विश्वस्त व्हावं असं आपण जेव्हा जेव्हा लिहिलं तेव्हा डोळ्यासमोर हाच व्यापारी होता, असं गांधीजींनी त्यांच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलं आहे.

धंदा मोठा मुलगा कमलनयन यांच्याकडे गेला. त्यांच्याच काळात बजाज हे नाव स्कूटरवर आलं. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला तो वर्ध्यातच, पण यजमान त्या बैठकीला नव्हता.

जानकीदेवी पुढे ३७ वर्षं जगल्या. विनोबांच्या भूदान पदयात्रेत त्या खेडोपाडी चालल्या. लोक जमीन द्यायचे, पण नुसत्या कोरड्या जमिनीचं भूमिहीन माणूस करणार काय? म्हणून त्यांनी कूपदानाचं काम हाती घेतलं. गावोगावी जाऊन त्या ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडून एकेक विहीर मागायच्या. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं.